उसन्या घोड्यांची मनसब

मोगल अमदानीत मनसबदाराची योग्यता त्याच्या पदरच्या घोड्यांवरून ठरत असे, आणि म्हणून हजेरीच्या दिवशी दुसऱ्याचे घोडे उसने आणून हुजुरांपुढे उभे करण्याची विद्या इतकी भरभराटीस आली की, अखेर अकबरास घोड्यांना डाग देण्याची पद्धत अमलात आणावी लागली. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेले. राज्य बुडाले, सुभा बुडाला. परंतु ती विद्या बुडालेली नाही, याचा प्रत्यय त्याच वऱ्हाडातील कौंडण्यपूरच्या एका गृहस्थांकडे पाहून येतो.

चिरंजीव शिकागोस स्थायिक झाल्यापासून या गृहस्थांना, प्रवासाचे मैल मोजून दिल्या जाणाऱ्या, एका परदेशी विमान कंपनीच्या 'गोल्ड' पदवीची आकांक्षा आहे. मात्र त्या कंपनीच्या विमानात पाऊल ठेवण्याची आवश्यकता त्यांस वाटत नाही. १९९७ साली पाच कंपन्यांनी स्थापिलेल्या स्टार अलायन्स या संघात एअर इंडिया २०१४ पासून सामील आहे. सबब बसावे एअर इंडियाच्या विमानात आणि मैल जमा करावेत संघातील दुसऱ्याच कंपनीच्या दफ्तरी, अशी वहिवाट आहे. कंपन्याही अर्थात गाफील नाहीत. तिकिटावरील भाड्याच्या वर्गाचे अक्षर हाच त्यांचा डाग. अक्षर स्वस्ताईचे निघाले की भागीदाराच्या खात्यात मैलांचा अंशच पडतो, प्रसंगी तोही नाही. अमेरिकेच्या युनायटेडने तर पदवीच्या उमेदवाराने निदान चार उड्डाणे आपल्याच विमानांनी केली पाहिजेत, असे कलम घालून ठेवले आहे.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा जिल्ह्याने पेढे वाटले आणि गृहस्थांनी नियमावली उघडली. एअर इंडिया २०२२ साली टाटांकडे गेली, तरी ही सेवा चालविणारी अलायन्स एअर सरकारपाशीच राहिली, आणि ती त्या संघात नाही, हे ध्यानी येताच त्यांनी बेलोऱ्याकडे पाठ फिरविली. हल्ली ते मुंबईस जावयाचे झाल्यास नागपूर गाठतात, तेथून उत्तरेस दिल्लीला जातात आणि मग दक्षिणेस वळून मुंबईत उतरतात. कारण वाट जितकी वाकडी, तितकी पदवी समीप. एवढे करून मिळणारी ही सनद मुदतीची. मुदत सरली की पुन्हा पहिल्यापासून मैल वेचणे आले.

हे सारे त्यांनी परवा रुक्मिणीच्या देवळाच्या पायरीवर एका वृद्ध वारकऱ्यास सविस्तर समजावून दिले. म्हातारबुवांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाऊ, आमची रुक्मिणी ज्याच्या रथात बसली, त्याचीच झाली. तुमी बसता एकाच्या रथात, अन् जावई होता दुसऱ्याचे. मंग हुंडा कोन देनार?"