ओटीटीवर आला की बघू

मराठी माणसाला न पाहिलेल्या सिनेमाचा जेवढा अभिमान वाटतो, तेवढा पाहिलेल्याचा वाटत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ला २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आपला ऊर भरून आला. पुढच्या वर्षी सिनेमा नेटफ्लिक्सवर, म्हणजे थेट दिवाणखान्यात हजर. तिकीट नाही, पार्किंग नाही, आडवेळेचा एकुलता एक शो नाही. न बघायची सगळी कारणं एका फटक्यात गेली! मग नवं शोधावं लागलं : "जरा संथ आहे म्हणे."

आहेच संथ. उभं आयुष्य शास्त्रीय गाण्याला देऊनही मोठा गवई न होणाऱ्या माणसाची गोष्ट आहे ती; त्याने काय दहाव्या मिनिटाला मारामारी करावी? निदान रात्रीच्या मुंबईतून मोटारसायकलवर जाताना तो गुरूंच्या गुरू माईंचं ध्वनिमुद्रण ऐकतो, तेवढं तरी बघा. सिनेमातला खरा कठोर परीक्षक तो आवाज आहे. (जांभई आलीच तर ती त्याच्यासमोर देऊ नका.)

माईंचा तो आवाज सुमित्रा भावे यांचा. ज्यांचे सिनेमे 'फार चांगले असतात' हे आपल्याला इतकं पक्कं ठाऊक असतं की खात्री करून घ्यायची वेळच येत नाही, त्याच त्या. त्यांच्या आणि सुनील सुकथनकरांच्या 'कासव'ला तर २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं. म्हणजे प्रश्नच मिटला. सरकारने आपल्या वतीने बघून टाकला होता.