शेवट सांगू नका, पण समजेल असा करा

सिनेमा खोटा असतो, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आपण त्याचेच पैसे देतो. तक्रार एवढीच की, हल्ली तो खोटं बोलतो आणि वर आपल्यालाच विचारतो, ‘लक्षात नाही आलं?’

१९५० साली हिचकॉकने ‘स्टेज फ्राइट’च्या सुरुवातीलाच एका पात्राच्या तोंडून फ्लॅशबॅक दाखवला. शेवटी तो धादांत खोटा निघाला. लोक चिडले, पुढे खुद्द हिचकॉकनेही ते चुकलंच म्हणून सांगितलं. तेव्हा फसवणाऱ्याला निदान वाईट वाटायचं. आता पुरस्कार मिळतात.

‘शटर आयलंड’मध्ये (२०१०) एक रुग्ण बाई पाणी पिते. हात तोंडाशी जातो, हातात ग्लास नसतो. मग टेबलावर रिकामा ग्लास दिसतो. इतरत्र याला संकलकाची डुलकी म्हटलं असतं. इथे तो नायकाचं डोकं ठिकाणावर नसल्याचा पुरावा ठरतो. परिणामी चुका काढण्याची सोयच गेली. मालिकेतल्या सासूची साडी दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाईपर्यंत बदलली तरी मी गप्प बसतो. न जाणो, सून भ्रमिष्ट निघायची.

‘द सिक्स्थ सेन्स’मध्ये (१९९९) नवऱ्याला गोळी लागल्यानंतर बायको त्याच्याशी धड बोलत नाही. त्यावरून तो मेलाय हे ओळखायचं होतं म्हणे. विवाहित प्रेक्षकांवर हा सरळसरळ अन्याय आहे.

‘मेमेंटो’तले (२०००) रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात. उशिरा येणाऱ्याने ‘किती झाला?’ विचारलं, तर ‘शेवट झाला, सुरुवात व्हायचीय’ असं सांगावं लागतं.

‘अंधाधुन’ (२०१८) तर पुण्यातच घडतो. आंधळ्याचं सोंग घेणारा पियानोवादक शेवटी खरंच आंधळा उरतो की नाही? सव्वादोन तासांनंतर उत्तर काय, तर काठीने उडवलेला एक डबा. ज्या शहरात दुकानाच्या पाटीवरसुद्धा संदिग्धता खपवून घेत नाहीत, तिथे हे!

सर्वांत त्रासदायक जमात शिफारस करणाऱ्यांची. ‘काही सांगत नाही, फक्त शेवट बघ.’ झालं! मग मी पहिल्या प्रसंगापासून कामाला लागतो. डॉक्टर खरा आहे का? मुलगी जिवंत आहे का? वेटर नायकाशी बोलला की नुसताच त्याच्या दिशेने बोलला?

अशाच एका शिफारशीवरून परवा एक सिनेमा पाहिला. डॉक्टर डॉक्टरच होता. मुलगी जिवंत होती. खून करताना जो दिसला, त्यानेच खून केला होता. इतकी घोर फसवणूक माझी आजवर कुणी केली नव्हती. सुचवणाऱ्याला जाब विचारला, तर म्हणाला, ‘अरे, तोच तर ट्विस्ट!’