पुन्हा नॅसॉ!

कॅरिबियनचा कंटाळा यायलाही पात्रता लागते. एकदा जाऊन आलेला माणूस फोटो दाखवत सुटतो, दोनदा जाऊन आलेला तुलना करतो. काकांना मात्र कंटाळा येतो, आणि तो त्यांनी रात्रीमागून रात्र काढून कमावलेला आहे. ते ज्या कंपनीच्या जहाजांनी जातात तिथे एका रात्रीला एक पॉइंट मिळतो. ऐंशी पॉइंटांना माणूस डायमंड होतो, पावणेदोनशेला डायमंड प्लस आणि सातशेला पिनॅकल. काका सध्या डायमंड प्लस आहेत आणि पिनॅकलच्या वाटेला लागलेत. त्यांचं कार्ड गळ्यातल्या पट्ट्याला लटकलेलं असतं. वाऱ्यात, लिफ्टमध्ये, बुफेच्या रांगेत बाकीच्यांची कार्डं उलटीपालटी होतात, काकांचं कधी उलटं झालेलं मी पाहिलं नाही.

ते माझे सख्खे काका नव्हेत. फ्लॉरिडात ज्यांच्या घरी आपली बॅग उतरते ते सगळे काकाच. बालपण दादरला, इंजिनिअरिंग माटुंग्याला, नोकरी न्यू जर्सीत आणि निवृत्ती फ्लॉरिडात, असा या मंडळींचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. घर घेताना लोक देऊळ बघतात, दवाखाना बघतात, काकांनी बंदर बघितलं. फोर्ट लॉडरडेलचं पोर्ट एव्हरग्लेड्स अर्ध्या तासावर, मायामी त्याच्या खाली, आणि वर पोर्ट कॅनव्हरल जरा लांब, "पण वाटेत बरी इडली मिळते." फ्लॉरिडाच्या रहिवाशाला तिकिटात सवलत असते, शेवटच्या घटकेला रिकाम्या खोल्या आणखी स्वस्त होतात. घरचा एसी, अंगणातलं गवत कापण्याचे पैसे आणि दोन वेळचा स्वयंपाक यांची बेरीज काकांनी एक्सेलमध्ये मांडून ठेवली आहे. त्या बेरजेनुसार जमिनीवर राहणं हीच चैन ठरते.

तर काकांचा कंटाळा. तो पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये सुरू होतो. समोर कोणी नवखं जोडपं उत्साहानं नकाशा बघत उभं असतं. काका त्यांच्याकडे मायेनं बघतात आणि विचारतात, "पहिल्यांदाच?" त्यांनी हो म्हटलं की एक उसासा टाकून सगळी यादी म्हणून दाखवतात. "नॅसॉ, कोझुमेल, सेंट थॉमस, सेंट मार्टिन. पुन्हा नॅसॉ." शेवटच्या दोन शब्दांवरचा जोर असा, की त्या बिचाऱ्यांना वाटावं आपण चुकीच्या जहाजात चढलो. मग बारावा मजला येतो आणि काका उतरून जातात. पुढचे सात दिवस ते जोडपं काकांना बघितलं की जिन्यानं जातं.

नॅसॉचं काकांना फार लागलं आहे. बहामाच्या राजधानीनं त्यांचं काही वाकडं केलेलं नाही. भानगड 1886 सालच्या एका अमेरिकन कायद्याची आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजानं अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी उचलून पुन्हा त्याच बंदरात उतरवायचे असतील, तर मधे कुठल्या तरी परक्या देशाचं तोंड बघून यावं लागतं. ही तरंगती शहरं झेंडे लावतात ते बहामाचे नाहीतर पनामाचे. त्यामुळे फ्लॉरिडाहून तीन-चार रात्रींसाठी निघालेल्या जहाजाला सगळ्यात जवळचा परका देश म्हणजे नॅसॉ. रातराणी एसटी ठरल्या ढाब्यावर थांबते, भूक असो वा नसो, तसं हे थांबणं. काकांना हा कायदा कलमासकट पाठ आहे. "त्या वेळी विमानं नव्हती रे," ते म्हणतात, "आणि अजून आपण त्या कायद्यापायी नॅसॉला जातोय." ही तक्रार ते जहाजाच्या कठड्याला टेकून, हातात फुकटच्या कुपनावर मिळालेला ग्लास धरून करतात.

नॅसॉला उतरल्यावर बे स्ट्रीट, मग स्ट्रॉ मार्केटातल्या गवती टोप्या, मग गुलामांकडून दगडात कोरून घेतलेल्या क्वीन्स स्टेअरकेसच्या सहासष्ट पायऱ्या. त्या काकांनी एकदा मोजल्या, पासष्ट भरल्या. एक पायरी खालच्या रस्त्याच्या डांबरात गेली आहे असं गाइडनं सांगितलं. तेव्हापासून ते नॅसॉला गेलेले नाहीत. म्हणजे जहाज जातं, काका खाली उतरत नाहीत.

खरं सांगायचं तर त्यांच्या कंटाळ्यात तथ्य आहे. गोदीतून बाहेर आलं की प्रत्येक बेटावर तीच हिऱ्यांची दुकानं, तीच टँझनाइटची निळी खिडकी, उन्हात रंग बदलणारे तेच शर्ट. बोटीवर आधी एक बाई रंगमंचावरून 'खरेदीचं मार्गदर्शन' करते आणि दुकानांचा नकाशा वाटते. त्या नकाशावर बेटाचे डोंगर, नद्या, शाळा काही नसतं, फक्त दुकानं असतात. कोझुमेलच्या धक्क्याबाहेर दुकानदार हाका मारतात, "ऑलमोस्ट फ्री!" काकूंनी या दुकानांतून मिळणारं एक फुकटचं ब्रेसलेट घेतलं आहे. दर बंदराला दुकानात शिरायचं, आत पाच मिनिटं हिरे बघितल्यासारखं करायचं आणि बाहेर पडताना त्या बेटाचा एक चिमुकला लोलक घ्यायचा. काकूंचं मनगट आता वाजतं. तीन लोलक एकाच बेटाचे आहेत. कुठल्या, ते काकूंना आठवत नाही, आणि काकांना आठवतं म्हणून ते सांगत नाहीत.

सेंट थॉमसला मी काकांना आग्रह करून खाली उतरवलं. तिथे बाजू उघड्या असलेल्या टॅक्सीत बाकांवर बसवून डोंगरावर नेतात. ड्रायव्हरच गाइड. पहिल्या वळणावर तो म्हणाला, "आता मी तुम्हाला विचारणार, हे बेट कोणाचं होतं?" काकांनी मागच्या बाकावरून सांगितलं, "डेन्मार्कचं. 1917 ला अमेरिकेनं पंचवीस दशलक्ष डॉलरना घेतलं, सोन्याच्या नाण्यांत." ड्रायव्हर हसला. दुसऱ्या वळणावर तो म्हणाला, अमेरिकेच्या ताब्यात असूनही इथे गाड्या डाव्या बाजूनं चालतात, कारण... आणि काकांनी त्याचा ठरलेला विनोद पूर्ण केला. तिसऱ्या वळणावर ड्रायव्हरनं आरशातून काकांकडे बघितलं आणि रेडिओ लावला. वर पोचल्यावर सगळ्यांनी मॅगन्स बेचा फोटो काढला. काका त्या निळ्या अर्धवर्तुळाकडे पाठ करून विचारत होते, परतीची गाडी किती वाजता. चारला जहाजावर ट्रिव्हिया असते.

बंदरांचा असा उबग आलेली गिऱ्हाइकं वाढल्यावर कंपन्यांनी उपाय काढला तो आणखी गमतीचा. बहामातली लहान लहान बेटंच घेऊन टाकली. लिटल स्टिरप केचं झालं कोकोके, 2019 पासून तिथे पाण्याच्या उंच घसरगुंड्या आणि आकाशात फुगा. शेजारचं ग्रेट स्टिरप के दुसऱ्या कंपनीनं 1977 सालीच घेतलं होतं. तिथे भांडणारा टॅक्सीवाला नाही, 'ऑलमोस्ट फ्री'वाला नाही, कुठलाही देश डोळ्यांत खुपत नाही. बोटीवरचाच बर्गर वाळूवर मिळतो, तोच आचारी, तीच टोपी, तेच कार्ड. काकांना हे बेट पसंत आहे, असं ते पहिल्या वर्षी म्हणाले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, "इथे बघण्यासारखं काय आहे? बर्गर तर वर पण मिळतो."

मग काका जहाजावर करतात तरी काय? इथेच या जातीचं खरं गुपित आहे. बंदराच्या दिवशी सकाळी नऊला पाच हजार माणसं शिडीवरून खाली ओतली जातात आणि काका विजयी मुद्रेनं वर जातात. पोहण्याच्या तलावात एकटे. गरम पाण्याच्या टाकीत एकटे. एरवी टॉवेल टाकून सकाळी सहापासून अडवलेल्या खुर्च्या आता ओळीनं रिकाम्या, त्यांतली हवी ती निवडताना काकांच्या चेहऱ्यावर संस्थानिकाचे भाव येतात. खाली बेटावर लोक घाम गाळत टोप्या विकत घेत असतात आणि हे वरून त्यांना बघत असतात. त्यांना बंदराचा कंटाळा असेल, पण बंदर नसेल तर जहाज रिकामं कसं व्हायचं? नुसत्या समुद्राच्या दिवशी सगळी पाच हजार माणसं त्याच टाकीत असतात.

अशा दुपारी काकांना सोबत गोव्याच्या वेटरची. कुडतरीचा पोरगा, नऊ महिन्यांच्या कंत्राटावर. जेवणघरात तो काकूंसाठी मेनूत नसलेली डाळ आणतो, एकदा तर कुठून तरी हिरव्या मिरच्याही घेऊन आला. काका त्याला म्हणाले, "काय रे, तुला तरी ही बंदरं नवी वाटतात का?" तो म्हणाला, "अंकल, मला कोझुमेलची एकच जागा माहीत. धक्क्यासमोरची फार्मसी. तिच्या पायरीवर बसलं की वायफाय लागतं, आईशी बोलणं होतं." काकांनी तेवढ्यापुरती मान हलवली आणि त्याला सांगितलं, फार्मसीच्या पलीकडच्या कॉफीवाल्याकडे सिग्नल जास्त चांगला आहे.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही नावं काकांच्या तोंडी पहिल्यांदा आली ती पर्यटनाच्या पत्रकातून नव्हे. 1971 साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला, पोर्ट ऑफ स्पेनला आपण त्यांना पहिल्यांदा हरवलं, आणि पदार्पणाच्याच मालिकेत गावसकरांनी 774 धावा काढल्या. किंग्स्टन, जॉर्जटाऊन, ब्रिजटाऊन ही दादरच्या पोरांना शिवाजी पार्कच्या चार कोपऱ्यांइतकी जवळची होती. सकाळचा पेपर कोण आधी उघडतो यावरून काकांच्या घरी मारामाऱ्या होत. आता बार्बाडोसला ब्रिजटाऊनच्या गोदीपासून केन्सिंग्टन ओव्हल मैदान चालत जाण्याइतकं जवळ आहे. काका बार्बाडोसला अनेकदा गेले आहेत. ओव्हलला गेले का? "उन्हात कोण चालतंय! आणि त्या दिवशी दुपारी प्राइम रिब असतो." 29 जून 2024 ला त्याच मैदानावर भारतानं दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून ट्वेंटी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा काका कॅरिबियनमध्येच होते, फक्त कोझुमेलला. शेवटच्या षटकात सूर्यकुमारनं सीमारेषेवर झेल घेतला त्या क्षणी जहाजाचं इंटरनेट अडकलं. झेल पूर्ण झाला की नाही हे काकांना कळलं तेव्हा लोक ट्रॉफी घेऊन नाचत होते. या प्रसंगाचा राग त्यांनी कोझुमेलवर काढला.

मुलानं एकदा सुचवलं, बाबा, अलास्का करा, नॉर्वे करा, ग्रीस करा. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. अलास्काला थंडी, नॉर्वे महाग, ग्रीसला रोज एक बंदर, म्हणजे रोज उतरायला लागणार. "आणि पोचायला विमानात बसायला लागतं!" हे शेवटचं त्यांनी अशा स्वरात सांगितलं, की मुलगा जणू त्यांना बैलगाडीनं काशीला पाठवत होता.

यंदाच्या फेरीत ग्रँड केमन होतं. आदल्या रात्री काका म्हणाले, मी उतरणार नाही, नरक नावाचं गाव बघून झालं, सात मैलांच्या किनाऱ्यावर सात मैल भरत नाहीत हेही बघून झालं. ठीक. सकाळी केमनचं जॉर्जटाऊन समोर दिसत होतं, पण तिथे मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही, लहान बोटींतून माणसं न्यावी लागतात, आणि लाटा चांगल्याच उसळत होत्या. कप्तानानं जाहीर केलं, केमन रद्द. काका अंथरुणातून ताडकन उठले. दाढी न करता खाली गेले आणि तक्रारीच्या रांगेत पहिले उभे राहिले.

"आमचं केमन गेलं," ते खिडकीतल्या मुलीला सांगत होते. तिनं समजावलं, बंदराचं शुल्क तुमच्या खात्यात जमा होईल. काकांचं समाधान झालं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढी जहाजं येतात, एक धक्का बांधता येत नाही या लोकांना?" मी सांगितलं की 2025 च्या एप्रिलमध्ये तिथल्या मतदारांनी सार्वमतात धक्क्याला नकारच दिला.

काका क्षणभर गप्प झाले. "का?" त्यांनी विचारलं. "आमचा कंटाळा आला त्यांना?"

हा विचार त्यांना पूर्वी शिवला नव्हता. तो घेऊन ते तसेच पुढच्या फेरीचं बुकिंग करणाऱ्या टेबलापाशी गेले. तिथल्या माणसानं लगबगीनं नवा मार्ग काढून दाखवला: अरुबा, कुरासाव, बोनेर, सगळं दक्षिणेकडचं. काकांनी यादीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "यात केमन कुठे आहे?"

त्या माणसानं काकूंकडे बघितलं. काकू मनगटातले लोलक सारखे करत म्हणाल्या, "उतरणार नाहीत हो ते. पण खिडकीतून दिसायला हवं."