गीझर, लोकल आणि ओहम मास्तर

विभवांतर म्हणजे विद्युतप्रभाराला तारेतून पुढे ढकलणारा दाब, तो व्होल्टमध्ये मोजतात. त्या दाबामुळे प्रत्यक्ष जे वाहते ती धारा, ती अँपिअरमध्ये. आणि पहिल्याला दुसरीने भागले असता जो येतो तो रोध, ज्याच्या एककाला ओहम हे नाव मिळाले. हा गेऑर्ग ओहम कोलोनच्या शाळेत गणित शिकवणारा मास्तर. त्याने 1827 साली हे सारे ग्रंथरूपाने मांडले, तेव्हा त्याच्या देशातील विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. अंधेरी ते बोरिवलीपर्यंतच्या गृहनिर्माण संस्थांनी ती परंपरा आजतागायत निष्ठेने सांभाळली आहे.

विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, अर्थात वॉट. त्या हिशेबाने न्हाणीघरातील 2000 वॉटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर धारा ओढतो आणि त्याचा रोध साधारण साडेसव्वीस ओहम निघतो, तर 1000 वॉटच्या इस्त्रीचा रोध त्याच्या दुप्पट. म्हणजे ज्याचा विरोध कमी तोच जास्त तापतो, आणि ‘जो अधिक विरोध करतो तो अधिक तापतो’ हा वार्षिक सर्वसाधारण सभांमध्ये वर्षानुवर्षे सिद्ध होत आलेला सिद्धांत येथे सपशेल उलटा पडतो.

मात्र तो सर्वस्वी खोटाही नाही. विभवांतर ठरलेले असेल तर कमी रोधाची सरशी होते. पण धारा ठरलेली असेल, तर उष्णता धारेचा वर्ग गुणिले रोध इतकी निर्माण होते आणि तेथे विरोध करणाराच तापतो. ही गोष्ट रेल्वेला चांगली ठाऊक होती. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला निघालेली पहिली विजेची गाडी आणि 1928 मध्ये बोरिवलीपर्यंत पोहोचलेली तिची पश्चिमेकडील बहीण, दोघीही 1500 व्होल्टच्या एकदिश धारेवर धावत. समजा, गाडीला 30 लाख वॉट लागले, तर त्या दाबाने 2000 अँपिअर धारा हवी. 25,000 व्होल्टवर, प्रत्यावर्ती धारेचे बारकावे बाजूला ठेवले तर, 120 अँपिअर पुरतात. तारेचा रोध 0.1 ओहम धरल्यास पहिल्या व्यवस्थेत चार लाख वॉट नुसते तार तापवण्यात जातात, दुसरीत दीड हजारांहून कमी. पश्चिम रेल्वेने 1500 वरून 25,000 व्होल्टवर जाण्याचा हा बदल 2012 मध्ये पुरा केला. घाटकोपर-मुलुंडच्या मार्गावर तो 2015 मध्ये झाला. डब्यातील घाम मात्र वर्गाच्या नियमाला जुमानत नाही.

रेल्वेने तारेतून हद्दपार केलेली ही उष्णता उपनगरी कुटुंबाने प्लगमध्ये आदराने ठेवून घेतली आहे. गीझरची जाड तीन पिनांची वायर ‘तात्पुरती’ म्हणून कन्व्हर्टर लावून सहा अँपिअरच्या लहान सॉकेटात खोचली जाते. आतील पितळी पात सैल पडून तेथे अर्धा ओहम रोध जरी उत्पन्न झाला, तरी 8.7 चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे 38 वॉट त्या बोटभर जागेत जळतात, आणि एवढ्यावर तर डाग देण्याचे सोल्डरिंग आयर्न चालते. पांढरे प्लास्टिक आधी पिवळे, मग तपकिरी होते, जळका वास सुटतो, आणि अखेर शेजारचे काका बोलावले जातात, जे प्लगकडे ढुंकूनही न पाहता, ‘वरूनच लाइट जास्त येतेय’ असे निदान करतात.