फ्रीजवरचं घड्याळ

आमच्याकडे एक भिंतीवरचं घड्याळ आहे. ते फ्रीजवर असतं.

लग्नात बायकोच्या मामांनी दिलेलं, सागवानी चौकटीचं, खाली शोभेचा लंबक असलेलं. एकोणीस वर्षांत पुण्यात आम्ही सहा घरं बदलली आणि मधले नऊ दिवस सोडले तर या सहाही घरांत ते फ्रीजवर भिंतीला टेकून बसलेलं आहे. तिरकं ठेवल्यामुळे लंबक हलत नाही, काटे तेवढे चालतात. म्हणजे वेळ कळते, पण ती आपली वाटत नाही. कारण सहाही मालकांनी किल्ली हातात देताना एकच वाक्य म्हटलं होतं, "घर तुमचंच समजा. फक्त भिंतीला खिळा ठोकू नका."

आता मुळात मी भाडेकरू नाही, हे मला बारा वर्षं भाडं भरल्यावर समजलं. चौथ्या घराचं अ‍ॅग्रीमेंट मी पहिल्यांदाच वाचलं. (पहिल्या तीन घरांची मी सही करून कपाटात ठेवली होती. तुम्हीही ठेवलीच असतील.) त्यात 'भाडेकरू' हा शब्द कुठेच नव्हता. मी होतो 'लायसन्सी'. भाडं हे भाडं नव्हतं, लायसन्स फी होती. गाडीचं लायसन्स असतं, बंदुकीचं असतं, तसं मला अकरा महिने त्या घरात राहायचं लायसन्स मिळालं होतं.

गिरगावातली आमची मावशी मात्र खरीखुरी भाडेकरू. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याने चाळींची भाडी १९४० सालाशी बांधून टाकली, त्यामुळे मावशी महिन्याला जे भाडं देते त्यात मी रिक्षाने स्टेशनलासुद्धा पोचणार नाही. तिच्या भिंतीवर दोन गणपती, तीन पिढ्यांचे पूर्वज आणि मावसभावाचं चौथीतलं चित्रकलेचं प्रशस्तिपत्रक आहे. भिंत दिसतच नाही. मालक तिच्याकडे खिळ्यांबद्दल बोलायला एकदाही आलेला नाही. त्याला तोंड दाखवायचं धैर्य होत नसावं.

मालकलोकांचा हा धसका तिथूनच आला म्हणतात. त्या कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे जे लायसन्सवर राहत होते ते बसल्या जागी कायद्याचे भाडेकरू ठरले. ३१ जानेवारीच्या रात्री कोण कुठल्या खोलीत झोपलं होतं यावर कितीतरी घराण्यांचं नशीब फिरलं. तो कायदा जाऊन १९९९ चा नवा आला, त्यालाही जमाना झाला. तरी घरमालकाच्या पोटात अजून भीती आहे, की हा माणूस आज खिळा ठोकेल आणि उद्या वारस नेमेल.

अकरा महिन्यांचंही तसंच. वर्षाच्या आतला करार असला की नोंदणी लागत नाही, म्हणून अकरा, असं आमचा पहिला एजंट डोळा मारून सांगायचा. महाराष्ट्रात ही पळवाट ३१ मार्च २००० ला बुजली. तेव्हापासून लिव्ह अँड लायसन्सचा करार एक महिन्याचा असो की साठ महिन्यांचा, नोंदवावाच लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. नाही नोंदवला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय भांडण कोर्टात गेलं तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचा शब्द खरा धरतात. हे वाचलं त्या रात्री मला फार चांगली झोप लागली. एकोणीस वर्षांत घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझा शब्द खरा धरणार होतं.

तरीही अकरा आकडा हलत नाही. त्याला आता काही कारण उरलेलं नाही, म्हणूनच तो टिकला आहे.

खर्चाचंही एकदा समजून घ्या. बावीस हजार भाडं, पंचाहत्तर हजार डिपॉझिट, अकरा महिने, असं धरलं तर मुद्रांक शुल्क सव्वासहाशेच्या आसपास बसतं. अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्याचा पाव टक्का. शहरात नोंदणी फी हजार रुपये. एजंटने मला साडेचार हजार सांगितले.

"बाकीचे कशाचे?" मी विचारलं.

"साहेब, अंगठ्याचं मशीन घरी घेऊन येतो ना."

आला. बायकोचा साक्षीदार म्हणून अंगठा सहा वेळा लागेना. भांडी घासून रेषा झिजल्या म्हणाला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की त्या संध्याकाळची भांडी मी घासली, आणि पुढच्या करारापर्यंत घासत राहिलो.

घर बघायला कधी जावं, यावर माझं मत ठाम आहे. एजंट बोलावतो तेव्हा जाऊ नये. तो दुपारी चारला बोलावतो, कारण चारला पाणी नसतं आणि नसलेलं कुणाला दिसत नाही. सकाळी साडेसातला जावं. प्रत्येक नळ सोडून बघावा, फ्लश ओढावा, आणि जिन्यात कुणी आजी भेटल्या तर "टँकर कितीला पडतो?" एवढंच विचारावं. "टँकर येतो का?" असं विचारलंत तर आजी नाही म्हणतील, त्यांनाही सोसायटीची अब्रू आहे. 'कितीला' म्हटलं की उन्हाळ्यातला आकडा आपोआप तोंडातून येतो.

दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये घराला ताजा रंग दिसला तर खूश होऊ नये. तिसऱ्या घरात आम्ही झालो. हस्तिदंती रंग, नुसती नजर ठरत नव्हती. जुलैत हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर वरून खालपर्यंत एक ओला पट्टा उमटला. हुबेहूब कोकण. ऑगस्टमध्ये घाट ओलांडून ओल सातारा-कोल्हापुराकडे सरकली आणि गणपतीपर्यंत विदर्भात पोचली. मधला मराठवाडा शेवटपर्यंत कोरडा राहिला. मालकांना फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, "तुम्ही कपडे आत वाळत घालता का?" ओल कुठूनही आलेली असो, मालकाच्या मते ती आपल्या टॉवेलातूनच आलेली असते.

मधे दोन वर्षं आम्ही धायरीला रो-हाऊसमध्येही काढली. वर-खाली मिळून चार खोल्या, पुढे हातभर अंगण, त्यात शेवगा. स्वतंत्र बंगल्यात राहतो असं गावाकडे सांगता यायचं. फक्त दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांच्यात सामायिक. पहाटे पावणेसहाला डावीकडे मिक्सर लागायचा आणि आवाजावरून आज ओलं खोबरं की सुकं, हे बायको अंथरुणातून सांगायची. रो-हाऊसमध्ये खरा प्रश्न दुरुस्तीचा. फ्लॅटमध्ये निदान सोसायटी नावाचं कुणीतरी असतं ज्याला शिव्या देता येतात. इथे गच्ची गळाली, टाकीचा बॉल कॉक अडकला, मोटर जळली, तर आपण आणि मालक असे दोघेच समोरासमोर. आमच्या करारात वाक्य होतं, 'लहान दुरुस्ती लायसन्सी करेल, मोठी मालक करेल.' लहान कोणती आणि मोठी कोणती हे लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षांच्या अनुभवातून मी व्याख्या काढली ती अशी, की जिचं बिल माझ्याकडे आलं ती लहान. मोटर लहान निघाली. गच्चीही लहान निघाली. त्यानंतर मी करारात सरळ रकमेची रेघ ओढून घेतो. हजारापर्यंत आमचं, वरचं तुमचं. मालक जरा दुखावतात, पण सही करतात.

सोसायटीबद्दल मी फार बोलणार नाही, कारण अजून सोसायटीतच राहायचंय. एवढंच सांगतो की भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी जो बिनभोगवटा आकार लावते, त्याला सरकारने २००१ साली मर्यादा घालून दिली आहे. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि तो द्यायचा असतो मालकाने. नावातच बघा. मी, बायको, मुलगी आणि सासूबाई असे चौघं तिथे अष्टौप्रहर राहत असताना कागदोपत्री घर बिनभोगवट्याचं.

आता डिपॉझिट. डिपॉझिट ही माहेरची साडी असते. दिली तेव्हाच्या घडीत ती परत येत नाही. पाचव्या घराच्या मालकांनी रंगाचे अठरा हजार कापले, गॅसच्या ओट्यावरच्या डागाचे दोन, आणि 'बाल्कनी कबूतर' असं लिहून दीड हजार. कबुतरं आमची नव्हती. ती आमच्या आधीपासून राहत होती आणि त्यांच्याकडे करारही नव्हता. तेव्हापासून बायकोने कारभार हातात घेतला. सहाव्या घरात सामानाचा टेम्पो खाली उभा, हमाल घाम पुसतायत, आणि ही मोबाइल घेऊन खोलीखोलीतून चित्रीकरण करतेय. फुटकी फरशी, सैल कडी, गीझरवरचा गंज, वीज मीटरचं रीडिंग. (मीटरचं विसरू नका. आधीच्याची थकबाकी आम्ही एकदा मुकाट्याने भरली आहे, अंधारात.) वर तिने हाताने यादी लिहिली, दोन प्रती, दोन्हीवर मालकांची सही. 'किल्ली परत आणि डिपॉझिट परत एकाच दिवशी' हे वाक्यही तिनेच करारात घालून घेतलं.

हे मालक म्हणजे कोथरूडचे एक काका. बँकेतून निवृत्त. यादी बघून त्यांचे डोळे पाणावले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना समानधर्मी भेटला होता. त्यांनी स्वतःच्या पेनाने यादीत एक ओळ भर घातली. 'भिंतीतील खिळे, नग सात.'

ते सात खिळे कुणी आणि कोणत्या मनःस्थितीत ठोकले असतील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक संडासाच्या दारावर. दोन छताजवळ, जिथे फक्त पाल पोचते. एक गुडघ्याच्या उंचीवर. दोन स्वयंपाकघराच्या दारामागे शेजारीशेजारी. पण सातवा! सातवा हॉलमध्ये, समोरच्या भिंतीच्या बरोब्बर मध्यावर. बायकोने काही न बोलता घड्याळ फ्रीजवरून उतरवलं, पुसलं आणि त्यावर अडकवलं. लंबक हलला. मुलगी सोळा वर्षांची झाली होती, तिने तो हलताना पहिल्यांदाच पाहिला. "अय्या, हे हलतं?" म्हणाली.

नऊ दिवस हलला. दहाव्या रात्री पावणेतीनला मोठा आवाज झाला. खिळा मूठभर प्लास्टर घेऊन बाहेर आला होता. घड्याळ खालच्या सोफ्यावर पडलं म्हणून वाचलं. खिळा कुठे गेला कुणास ठाऊक, सकाळी मोलकरणीने झाडून नेला असणार. भोकात मी पांढरी टूथपेस्ट भरली. ही युक्ती जगातल्या सर्व लायसन्सींना ठाऊक आहे. पेस्ट साधी पांढरी हवी, निळ्या पट्ट्यांची नको. वाळल्यावर कागदाने हळूच घासायची. भिंत पूर्ववत झाली, दोन दिवस हॉलला फक्त पुदिन्याचा वास येत होता. घड्याळ पुन्हा फ्रीजवर गेलं आणि पुढचे तेहेतीस महिने, म्हणजे आमच्या भाषेत तीन अकरा, त्या विषयावर कुणी बोललं नाही.

गेल्या महिन्यात घर सोडलं. काका सकाळी दहाला आले, चेक आधीच लिहून आणलेला. यादी काढली आणि बॉलपेनने एकेक वस्तूवर टिचकी मारत फिरले. फुटकी फरशी, आहे. सैल कडी, आहे. गंज, आहे. मीटर जुळलं. मग मान वर करून खिळे मोजायला लागले. संडासावरचा, छताचे दोन, गुडघ्याचा, दारामागचे दोन. हॉलमध्ये येऊन थांबले. पुन्हा सगळीकडे फिरून आले.

"एक खिळा कमी आहे," काका म्हणाले.

एकोणीस वर्षं मी जास्तीच्या खिळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. कमीचं एकही नव्हतं. बायको खोक्यांकडे बघायला लागली. शेवटी मी सगळं सांगितलं, घड्याळ, नऊ दिवस, पावणेतीन, टूथपेस्ट. काकांनी भिंतीजवळ जाऊन नाक लावलं.

"हातोडी आहे?"

हातोडी होती. 'किरकोळ' लिहिलेल्या खोक्याच्या तळाशी, बारा वर्षं न वापरलेली. खिळा काकांनीच स्वतःच्या पिशवीतून काढला. निवृत्त माणसाच्या पिशवीत खिळा का असतो, हे मी विचारलं नाही. घरात स्टूल उरलं नव्हतं, ते टेम्पोत चढलं होतं, म्हणून 'पुस्तकं' लिहिलेल्या खोक्यावर चढलो. बायकोने खोकं धरलं. मुलगी मोबाइलवर चित्रीकरण करायला लागली, पुराव्यासाठी.

"इथे?" मी विचारलं.

"जरा डावीकडे."

मी ठोकला. एका घावात अर्धा आत गेला, दुसऱ्यात पक्का. प्लास्टरचा कणसुद्धा पडला नाही. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि फ्रीजबरोबर घड्याळही खालीच होतं.

काका दोन पावलं मागे सरले, डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं आणि यादीवर टिचकी मारली.

"दोन बोटं वर हवा होता," म्हणाले, आणि चेक दिला.