ग्रॅमपंत

ट्रेकला निघालेला माणूस सॅकवरून ओळखावा. साठ लिटरची, गळ्यापर्यंत ठासलेली आणि बाहेर कॅरीमॅट, चपला नि ओला टॉवेल लोंबणारी सॅक असेल, तर माणूस नवखा किंवा आईचा लाडका. अठ्ठावीस लिटरची, जादा पट्टे छाटून टाकलेली, जेमतेम शाळेच्या दप्तराएवढी सॅक दिसली, की ग्रॅमपंत आले समजावं.

केक करायला म्हणून आणलेला डिजिटल काटा हल्ली पंतांच्या कपाटात राहतो आणि वहिनींचा केक अंदाजपंचे होतो. टूथब्रशची दांडी पंतांनी केव्हाच कापली. दात घासताना त्यांची बोटं तोंडात जातात, पण सात ग्रॅम वाचतात. टूथपेस्टचे ठिपके ताटलीत उन्हात वाळवून ते गोळ्यांसारखे डबीत भरतात. घरातल्या पाहुण्यांनी एकदा त्यातले दोन बत्तासे समजून खाल्ले. नकाशाचा समास कापला, टी-शर्टाची लेबलं कापली. टायटॅनियमचा चमचा मात्र विकत आणला. त्या पैशांत आम्ही सगळे गावात पिठलं-भाकरी खाऊन वर चहा प्यायलो असतो.

पंतांचं दैवत म्हणजे एमा गेटवुड. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी या अमेरिकन आजीबाईंनी अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीनं पार केला. तीन हजार किलोमीटरांहून लांब वाट, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी आणि तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. वाटेत लोकांची दारं ठोठावून आजी जेवत आणि ओसरीवर झोपत, हेही पंत प्रामाणिकपणे सांगतात. फक्त ते सांगताना त्यांची नजर दुसऱ्याच्या डब्यावर असते.

या हलक्या सामानाच्या पंथाचं एक शास्त्र आहे आणि ते खोटं नाही. तंबू, स्लीपिंग बॅग आणि खुद्द सॅक या तिघांतच निम्मा बोजा असतो. तिथे हात घातला तर किलोंनी फरक पडतो, टूथब्रशानं नव्हे. अन्न, पाणी, इंधन सोडून उरतं ते ‘बेस वेट’. ते साडेचार किलोंच्या आत आलं, की माणूस ‘अल्ट्रालाइट’. पंत चार किलो दोनशेवर आहेत. अन्न धरायचं नाही या कलमाखाली त्यांचे किलोभर डिंकाचे लाडू बिनबोभाट सुटतात. पाणीही हिशेबात धरायचं नसलं, तरी पाठीला मात्र सवलत नाही. लिटर म्हणजे किलो, तिथे टायटॅनियम चालत नाही. म्हणून पंत टाक्यापाशी बसून पोट डुचमळेपर्यंत पितात. पोटातलं पाणी सॅकमध्ये धरत नाहीत.

त्यांचा खरा कस लागतो तो सामायिक सामान वाटताना. रतनगड ते हरिश्चंद्रगड असा रेंज ट्रेक होता. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाजवळ तांदूळ, डाळ, कांदे, टोप, दोर असे ढीग पडले. पंतांनी अत्यंत दुःखी चेहऱ्यानं आपली सॅक उघडून दाखवली. जागाच नव्हती! पाच किलो कांदे नव्या पोराच्या सॅकमध्ये गेले. टोप त्याच्याच पाठीवर बांधला गेला. कात्राबाईच्या खिंडीची चढण ते पोर टोप वाजवत चढलं आणि पंत पुढे उड्या मारत मागे वळून म्हणाले, “सामान कमी करा रे, सामान!”

रात्री हिशेब उलटा फिरतो. “जरा चाकू दे. टॉर्च धर की. क्रॅम्पची गोळी आहे का कोणाकडे?” पंतांची कॅरीमॅट कमरेपर्यंतच आहे, पायांना मॅट लागत नाही असं त्यांच्या वाचनात आलं होतं. मध्यरात्री ते पाय शेजाऱ्याच्या मॅटवर येतात, मग मागोमाग उरलेले पंतही येतात.

कुमशेतहून वाट दाखवायला एक मामा बरोबर होते. त्यांच्याकडे कोयता, तंबाखूची चंची आणि खांद्यावर घोंगडी. पंतांनी लगेच लटकता काटा काढून घोंगडी टांगली.

“मामा, अडीच किलो!”

“भिजली का आनखी भरती,” मामा म्हणाले. मग पंतांचं पिसासारखं पांघरूण चिमटीत धरून त्यांनी विचारलं, “ह्याच्यात पाऊस थांबतो का?”

“नाही.”

“खाली आथरून बसता येतं?”

“फाटेल.”

मामांनी ते जपून परत दिलं.

त्या रात्री हरिश्चंद्रगडावरच्या गुहेत वारा आत घुसला तेव्हा मामा शेकोटीपाशी बसून राहिले आणि घोंगडी पंतांच्या अंगावर गेली. परतल्यावर पंतांनी सगळ्यांना सामानाचा तक्ता पाठवला. त्यात शेवटची नवी ओळ होती: घोंगडी, ० ग्रॅम. वाहक: मामा.