अजून एक हात

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहत असाल तर एक काका तुमच्या ओळखीचे असणारच. त्यांच्या बाल्कनीत एका कोपऱ्यात तुळस आणि उरलेल्या जागेत स्पीकरच्या पेट्या असतात. कुणाची कॉस्मिकची, कुणाची सोनोडाइनची, तर एखादी एकेकाळी ठाण्यात कारखाना असलेल्या मर्फीच्या रेडिओचीसुद्धा. काका बहुधा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. तिथे आयुष्यभर सूतभर चूक चालली नाही, ती आता घरात कशी चालणार?

स्पीकरच्या आतल्या सामानाचं त्यांना विशेष कौतुक नाही. "वूफर काय, कुणीही बदलून देईल. पेटी सांभाळा, पेटी!" मग ते समजावून सांगतात. पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढत असतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना भेटले की खर्ज संपला. त्यांना भेटू न देणं हे पेटीचं काम. हे ऐकताना काकू आतून म्हणतात, "माणसांचंही तसंच असतं काही घरांत." काकांना ते ऐकू जात नाही. पेटीतून मात्र हवा कुठे फुसफुसते ते त्यांना दुसऱ्या खोलीतून कळतं.

काकांच्या वर्षाची सुरुवात गुढीपाडव्याला होत नाही, पुराला होते. २६ जुलै २००५ चा पाऊस त्यांना तारखेने आठवतोच. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेव्हा सगळी सोसायटी टीव्हीसमोर बसून एनडीआरएफच्या बोटी बघत होती. प्रवासी सुखरूप सुटल्याचं कळल्यावर काकांनी हात जोडले आणि पुढच्याच श्वासात विचारलं, "तळमजल्यावर कुणाकुणाचे स्पीकर जमिनीवर होते?"

उल्हास नदीचं पाणी ओसरलं की फुगलेल्या पेट्या जिना चढू लागतात. काका प्रत्येकीला बोटाच्या पेराने ठोकून बघतात. ठण् वाजली तर प्लाय, भद् वाजली तर पार्टिकल बोर्ड. प्लायमध्ये लाकडाचे पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले, त्यामुळे तो पाण्यात बराच तग धरतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि डिंक. एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला तरी परत बसत नाही. "हा रडलाय," एवढंच काका म्हणतात आणि मेडिकलमधून इंजेक्शनची सिरिंज आणायला निघतात. पातळ केलेला फेव्हिकॉल सिरिंजने फुगलेल्या कोपऱ्यात भरायचा, प्लास्टिक लावून शिकंज्यात आवळायचा आणि चोवीस तास हात लावायचा नाही. शिकंजे कमी पडले की वर वरवंटा ठेवतात. त्या दिवशी घरात चटणी होत नाही.

काकूंच्या संसारातल्या वस्तूंची अशीच एकेक करून काकांच्या खात्यात बदली होते. व्हिनियरला फुगा आला की ब्लेडने बारीक चीर द्यायची, आत गोंद सोडायचा आणि वर फडकं ठेवून इस्त्री फिरवायची. खोक पडली असेल तर ओलं फडकं आणि तीच इस्त्री. वाफेने दबलेलं लाकूड वर येतं. मग त्याच इस्त्रीने काकूंच्या साडीवर सागवानी डाग येतो. लोणच्याच्या बरणीत स्पिरिटमध्ये चपडा लाख भिजत असते. हवागळती शोधायला उदबत्ती लागते. पखवाज जोरात लावायचा, पेटीच्या सांध्यापाशी उदबत्ती फिरवायची, जिथे धूर थरथरेल तिथे फट. शेजाऱ्यांना वाटतं, काकांनी स्पीकरची पूजा मांडली. ते फारसं चूक नाही.

व्हिनियरच्या तुकड्यासाठी काका सकाळची लोकल पकडून उल्हासनगरला जातात. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीला शहराचं नाव मिळालं, तिथे आज फर्निचरचा मोठा बाजार आहे आणि कापून उरलेले तुकडे काकांसाठी बाजूला ठेवणारा एक दुकानदारही. तो दर वेळी म्हणतो, "साईं, इतने में तो नया आ जाएगा." काका रेघांशी रेघा जुळवत उत्तर देतात, "नया आएगा, लेकिन पहली बारिश में रोएगा."

गणपतीच्या आधी मंडळाची पोरं अठरा इंची डीजेचे डबे घेऊन येतात. टेम्पोतून पडून कोपरे उडालेले असतात. काकांना डीजेचा मनस्वी तिटकारा. "आवाज ऐकायचा असतो रे, अंगावर घ्यायचा नसतो." असं म्हणत म्हणत ते तुटक्या कोपऱ्यात नवा प्लाय इतका बेमालूम बसवतात की पोरांनाच कुठला कोपरा तुटला होता ते सापडत नाही. "काका, विसर्जनाच्या आधी द्या हां." काकू आतून विचारतात, "कुठल्या वर्षीच्या?"

काकूंचा प्रश्न रास्त आहे. सगळं जुळलं, भरलं, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत झालं की काकांचा खरा आजार सुरू होतो. "अजून एक हात मारू," ते म्हणतात. पॉलिशचा एक हात डाव्या पेटीला मारला की उजवी फिकी दिसते. उजवीला मारला की तीच जरा गडद होते. मग पुन्हा डावी. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट ठाऊक असेलच. फरक इतकाच की माकड लोणी खाऊन मोकळं झालं, काका उपाशीपोटी घासत बसतात. त्यात जून ते सप्टेंबर पॉलिश बंद. दमट हवेत चपड्याच्या पॉलिशवर पांढरी झाक येते, आणि बदलापूरच्या पावसात दुसरं काय येणार? पेट्या पुन्हा दिवाळीवर जातात.

तरी एखाद्या रविवारी पेटी घरी पोचते. काका स्वतः वायर जोडतात, दीड व्होल्टचा सेल लावून दोन्ही पडदे एकाच वेळी बाहेर येतात की नाही हे बघतात आणि भीमसेन लावतात. तानपुरा भरून येतो. घरमालकाचे डोळे मिटतात. काकांचे मात्र उघडे असतात, उजव्या पेटीच्या कडेवर खिळलेले.

तेव्हा सांगणं इतकंच, की फुगलेला, कोपरा उडालेला स्पीकर घरात असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तुमच्या ओळखीतल्या काकांना दाखवा. वाळवायचा तो सावलीत. उन्हात ठेवलात तर व्हिनियर तडकेल. द्यायचा तो पाऊस संपल्यावर, म्हणजे पुढच्या पावसाच्या आत परत मिळण्याची निदान आशा राहते. मजुरी विचारू नका, घेणार नाहीत. सामानाचे पैसे मात्र आठवणीने द्या आणि काकूंना एक नवी इस्त्री. जोडीतला एकच बिघडला असेल तरी दोन्ही घेऊन जा. एकच नेलात, तर दुसरा मागायला काका स्वतः तुमच्या दारात येतील.